परदेशी सेवेला निघताना आणि तेथे टिकताना

परदेशात मिशनरी म्हणून जाणाऱ्या माणसाची तयारी बहुतेक वेळा एकाच अंगाने होते. त्याला पवित्र शास्त्र शिकवले जाते, उपदेशाचा सराव दिला जातो आणि निरोपाच्या रविवारी मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, उभे करून त्याच्यासाठी प्रार्थना केली जाते. परंतु सहाव्या महिन्यात भाषा वळत नाही, शेजारी तुटक बोलतात, अंगात ताप आहे आणि सोलापुराहून आई आजारी असल्याचा फोन आला आहे, अशा दिवशी काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढील सूचना त्या दिवसासाठी आहेत. या जीवनात चढ येतात तसे उतारही येतात, आणि उतार आला म्हणजे विश्वास कमी पडला असे मानण्यापेक्षा त्याची व्यवस्था निघण्यापूर्वीच लावून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. या सूचना जाणाऱ्यासाठी आहेत, तशाच त्याला पाठवणाऱ्या मंडळीसाठीही आहेत, कारण निम्मी कामे मंडळीनेच करावयाची असतात.

सोलापूरकरांना हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक समुद्र ओलांडून येथे आले, आपल्या उन्हात राहिले, मराठी शिकले आणि शाळा उभारून गेले. मेरी हार्डिंग यांचे नाव येथील बालशिक्षणाशी आजही जोडलेले आहे. दुसरीकडे, याच शहरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, जपानशी युद्ध चालू असलेल्या चीनला गेले. ते धर्मप्रसारासाठी गेले नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु परक्या मुलखात परक्यांचे होऊन कसे राहावे, हे शिकण्यासाठी सोलापूरच्या तरुणाला त्यांच्याइतका जवळचा दाखला दुसरा नाही. भैय्या चौकाजवळचे त्यांचे स्मारक जाणाऱ्याने निघण्यापूर्वी एकदा नीट, वेळ देऊन पाहावे.

पाचारण आणि घरचे

पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, एकाला झालेले असते आणि बोट मात्र सगळ्या घराला धरावी लागते. मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये इंग्लंडहून बंगालला निघाले तेव्हा त्यांची पत्नी डोरोथी प्रथम यायला तयार नव्हती. पुढे बहीण सोबत येणार म्हटल्यावर ती निघाली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला, डोरोथीचे मानसिक संतुलन ढळले ते पुन्हा सावरले नाही, आणि १८०७ मध्ये ती त्याच अवस्थेत वारली. केरींच्या भाषाकार्याचे गुणगान आपण करतो आणि ते योग्यच आहे, पण डोरोथीची हकिकत त्याच्या शेजारी ठेवूनच वाचावी. म्हणून निवड करणाऱ्या वडील मंडळाने, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठांच्या समितीने, पती आणि पत्नी या दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि पत्नीचा होकार तिच्याच तोंडून, पतीच्या व सासूसासऱ्यांच्या अनुपस्थितीत घ्यावा. तिला तेथे स्वतःचे काम काय असेल, तिची भाषा शिकण्याची वेळ कोणती आणि त्या वेळी मुलांना कोण सांभाळेल, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर यायला हवीत. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्नही याच बैठकीत सोडवावा. भारतात आलेल्या मिशनऱ्यांनाही तो सुटला नव्हता. म्हणूनच १९०१ मध्ये कोडाईकनालला त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली आणि अनेक मुले लहानपणीच आईवडिलांपासून दूर राहिली. माध्यम कोणते, दहावीची परीक्षा कोठे द्यायची, मराठी लिहायला कोण शिकवणार, हे ठरल्याशिवाय तिकीट काढू नये.

एकट्या जाणाऱ्या स्त्रियांबद्दल मंडळींना फार शंका असतात. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये अविवाहित असताना अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. शंका घेण्यापेक्षा सुरक्षित घर, सोबत राहणारी स्थानिक भगिनी आणि वेळेवर मिळणारा पैसा यांची सोय करावी.

मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठी मंडळीतील एक कुटुंब नावानिशी नेमावे. औषधे आणणे, रुग्णालयात नेणे, बँकेचे व विजेच्या बिलाचे काम पाहणे आणि वाईट बातमी आली तर ती फोनवरून नीट सांगणे, ही त्या कुटुंबाची जबाबदारी राहील. कोटणीस चीनमध्ये पोहोचल्यानंतर काही महिन्यांतच त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. ते परतले नाहीत. प्रत्येकाने तसेच करावे असे मी म्हणणार नाही, पण आई किंवा वडील गेल्यास परत यायचे की नाही, आणि यायचे तर तिकिटाचे पैसे कोठून येतील, ही चर्चा अवघड असली तरी निघण्यापूर्वी घरात बसूनच करावी. तिकिटाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तिला अन्य कोणत्याही कामासाठी हात लावू नये.

कायदा, कागद आणि लस

पर्यटक व्हिसावर जाऊन धर्मकार्य करण्याचा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो, आणि तो स्थानिक ख्रिस्ती लोकांनाच सर्वांत महाग पडतो, कारण आपल्याला विमानात बसवून परत पाठवले जाते आणि चौकशीला सामोरे जायला ते मागे राहतात. ज्या कामासाठी जातो त्याच कामाचा व्हिसा घ्यावा. नेपाळला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, लिपीही देवनागरी आहे, त्यामुळे आपल्याकडील अनेकांचा ओढा तिकडे असतो. पण तेथील २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे, आणि पुढे आलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेरही काढले जाते. त्याच नेपाळमध्ये १९५४ पासून युनायटेड मिशन टू नेपाळ या संस्थेने सरकारशी करार करून दवाखाने, शिक्षण आणि ग्रामविकासाचे काम उघडपणे केले आहे. कराराच्या मर्यादा पाळून करता येण्याजोगे काम भरपूर असते, आणि ते प्रामाणिकपणे करणे हीही साक्षच आहे.

हा अडथळा नवा नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्याला आले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला पोहोचले, तेथेही परवानगीसाठी दीर्घकाळ अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, आणि तेथूनच मराठी मुलखातील अमेरिकन मिशनचा आरंभ झाला.

कागदपत्रांचे काम किमान सहा महिने आधी हाती घ्यावे. सोलापूर पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी बहुधा पोलीस पडताळणीचा दाखला मागतात, आणि शिक्षक, परिचारिका किंवा डॉक्टर म्हणून जाणाऱ्याला पदवीचे प्रमाणपत्र राज्य शासनाकडून व नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. नावाचे स्पेलिंग आधार, पासपोर्ट आणि गुणपत्रिका या तिन्हींवर एकसारखे आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. तेथे पोहोचल्यावर भारतीय दूतावासात नोंदणी करावी.

आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस आवश्यक असते. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. हा दाखला हरवला आणि पीतज्वर असलेल्या देशातून परतताना तो दाखवता आला नाही, तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या प्रदेशात जाणाऱ्याने प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या बरेच आधी विचारावे, कारण कोणती गोळी कोणत्या भागात चालते हे ठिकाणानुसार बदलते. हॉल यांचा मृत्यू १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात पटकीने (कॉलऱ्याने) झाला. आज पटकीवर उपचार सोपे आहेत. तरी उकळलेले पाणी, मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटे आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता यांची माहिती पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

पैशाचा हिशेब

येथे मंडळींचा सर्वाधिक गोंधळ होतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत धनप्रेषण योजनेखाली (एलआरएस) निवासी भारतीय व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, मात्र ही मुभा व्यक्तीला आहे, न्यासाला नाही. मंडळीचा नोंदणीकृत न्यास असेल तर भारताबाहेर झालेल्या खर्चावर आयकराची सूट सहसा मिळत नाही, आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबही द्यावा लागतो. म्हणून दानपेटीतील रक्कम कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून पाठवण्याची घाई न करता आधी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा. नेपाळला रुपयांत रक्कम पाठवण्याची बँकांची वेगळी व्यवस्था आहे. परदेशी दीर्घकाळ राहणाऱ्याने स्वतःचे साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे, हेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

पाठवणाऱ्या कुटुंबांनी दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेत. नाताळात एकदम मोठी रक्कम आणि पुढे चार महिने काहीच नाही, या पद्धतीने घरभाडे भरता येत नाही. तेथे राहणाऱ्यानेही खर्चाची पातळी शेजाऱ्यांच्या पातळीच्या आसपास ठेवावी. फार वर राहिला तर माणसे मदत मागायलाच येतात, आणि मुद्दाम हलाखीत राहिला तर आजारी पडून त्यांच्यावर भार होतो.

पहिले वर्ष शिकण्याचे

पहिल्या वर्षी उपदेश, संस्था, अहवालातील आकडे यांपैकी कशाचीही अपेक्षा धरू नये, आणि मंडळीने तसे लेखी कळवावे, म्हणजे जाणाऱ्याच्या मनावर ओझे राहत नाही. त्या वर्षाचे काम एकच: भाषा. सकाळी शिक्षकासमोर दोन तास, दुपारी पाठांतर, संध्याकाळी बाजारात किंवा शेजारी जाऊन तेच शब्द वापरणे. याबाबतीत सोलापूरकराच्या पदरी उपजत पुंजी आहे. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि घरी मराठी ऐकत तो वाढलेला असतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडता त्याने दोन-तीन भाषा कानाने उचललेल्या असतात. हीच रीत परदेशात वापरावी. नव्या भाषेतील उच्चार प्रथम देवनागरीत टिपून घ्यावेत, कारण रोमन अक्षरांतून वाचल्यास उच्चार हमखास इंग्रजी वळणाचे होतात. मात्र ज्या भाषांत सुरावरून अर्थ बदलतो त्यांसाठी शिक्षकाचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून तो रोज ऐकण्याला पर्याय नाही.

भाषा जेथे बोलली जाते तेथेच ती शिकावी. केरी यांनी बंगालमध्ये बसून वैजनाथ पंडितांकडून मराठी शिकून १८०५ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, ही थोर कामगिरी होती. तरी बंगालमध्येच सेरामपूरला झालेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मुंबईकडील लोकांना नीट उमगेना, आणि तेथल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ते काम नव्याने हाती घ्यावे लागले. याउलट कोटणीस चिनी भाषा तेथील सैनिकांत आणि रुग्णांत राहून शिकले, पुढे त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले.

देश तसा वेश ही म्हण कपड्यांपुरती नाही. जेवणाची वेळ, वडीलधाऱ्यांसमोर बसण्याची पद्धत, डाव्या हाताचा वापर, स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी किती मोकळे बोलावे, मयताच्या घरी काय न्यावे, हे सारे विचारून घ्यावे. उपासनेची गाणीही तेथल्याच चालींत असावीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आपल्या मंडळ्यांत आजही मनापासून गायली जातात, याचे कारण ती अभंगाच्या वळणाची आहेत आणि आपल्या कानांना घरची वाटतात. परदेशातील मंडळीलाही तिचा टिळक तिच्यातूनच मिळू द्यावा, आपण तेथे मराठी चाली नेऊ नयेत.

सोबत काय न्यावे याची यादी मी लांबवत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टिकते व मन रमवते, पण काही देशांत खाद्यपदार्थांची विमानतळावर नोंद द्यावी लागते, तेव्हा नियम पाहूनच न्यावी. भेट म्हणून सोलापुरी चादर किंवा टॉवेल उत्तम.

उतार केव्हा येतो

पहिले काही आठवडे सगळे नवे आणि सुंदर वाटते. नंतर, साधारणपणे काही महिन्यांत, तेच सारे टोचू लागते. कालेर्व्हो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा क्रम मांडला: प्रथम भुरळ, मग चीड व निराशा, मग हळूहळू सावरणे आणि अखेरीस रुळणे. हे आधी ठाऊक असले की चीड आली तेव्हा माणूस स्वतःला किंवा त्या देशाला दोष देत नाही. त्या काळात आपल्याच देशाच्या लोकांत कोंडून घेणे, दिवसभर मराठी चित्रफिती पाहणे आणि स्थानिक लोकांबद्दल वाईट बोलणे, ही तीन लक्षणे दिसली की सावध व्हावे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा आणि तो मोडू नये. एक स्थानिक मित्र असा असावा ज्याच्याकडे कामाशिवाय जाता येते. मंडळीतील एका व्यक्तीशी दर पंधरवड्याला बोलणे ठरवावे, आणि ती व्यक्ती पैसे देणाऱ्या समितीतील नसावी, म्हणजे खरे बोलता येते.

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, प्रार्थनेत आणि कामात मन लागत नाही, विनाकारण रडू येते, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले आहे, असे झाल्यास डॉक्टरांकडे जावे. प्रार्थना चालूच ठेवावी, पण प्रार्थनेचे नाव पुढे करून उपचार लांबवू नयेत. जीव नकोसा वाटू लागला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे, एकटे राहू नये, आणि मंडळीने दुसरा विचार न करता त्याला घरी आणण्याची व्यवस्था करावी. अतिश्रमाबद्दलही असेच. कोटणीस लढाईच्या काळात अहोरात्र शस्त्रक्रिया करत राहिले, आणि अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी ग्वो चिंगलान आणि काही महिन्यांचे बाळ राहिले. त्यांच्या त्यागापुढे मान लवतेच. तरी त्यांच्यासारखे युद्ध ज्याच्या वाट्याला आलेले नाही त्याने रात्रीची झोप आणि औषधे सांभाळावीत.

समितीनेही सोलापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नयेत. दर महिन्याला किती लोक आले याचा आकडा मागितला की माणूस आकडे जमवू लागतो, आणि येथेच सेवेची दिशा बिघडते. त्याऐवजी तब्येत, भाषा, घर, मैत्री यांबद्दल विचारावे.

मदत, सत्ता आणि मैत्री

उपकाराला विश्वासाची अट कधीही जोडू नये. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मिशनऱ्यांनी आपल्या भागात अन्न दिले, अनाथ मुले सांभाळली, आणि त्या चांगल्या कामावरही भाकरीसाठी धर्म बदलवल्याचा आरोप आजवर होत आला आहे. अन्न, औषध, शाळा ज्याला हवी त्याला मिळावी आणि प्रार्थनेचे आमंत्रण त्या रांगेत देऊ नये. सत्तेच्या जवळिकीपासूनही दूर राहावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, आणि सोलापूरच्या सेटलमेंटच्या, म्हणजे अशा कुंपणातील वसाहतीच्या, कारभारात काही काळ अमेरिकन मराठी मिशनचाही हात होता. सुधारणेचा हेतू असेलही. पण कुंपणाच्या आत राहणाऱ्याला शिक्षक आणि पहारेकरी एकाच बाजूचे दिसले असणार. तो कायदा गेला, १९५२ मध्ये त्या जमाती मुक्त झाल्या, आणि सोलापूरकराला हा इतिहास घराजवळचा असल्याने त्याने परदेशात कोणत्याही सरकारचा पहारेकरी होण्यास नकार द्यावा.

१९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझरय्या यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना ऐकवले की तुम्ही भारतीयांसाठी संपत्ती आणि जीवही दिलात, आता आम्हाला मित्र द्या. शंभराहून अधिक वर्षांनी जाणारे आपण आहोत, आणि ते बोलणे आता आपल्याला लागू आहे. स्थानिक पाळकाच्या हाताखाली काम करावे, त्याच्या घरी जेवावे व त्याला आपल्या घरी जेवू घालावे, निर्णय त्याच्या वडील मंडळात व्हावेत, आणि आपण केव्हा निघणार हे पहिल्याच वर्षी सांगून प्रत्येक कामाला स्थानिक वारस तयार करावा. छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. जेथे धर्मांतरावरून खटले होतात तेथील माणसांची नावे, चेहरे व गावे प्रार्थनापत्रात आणि समाजमाध्यमांवर अजिबात देऊ नयेत.

परतणे

हॉल यांच्यासोबत आलेले नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये परत गेले, आणि तरीही मराठी मुलखातील कामाच्या आरंभात दोघांचीही नावे घेतली जातात. लवकर परतणाऱ्याला मंडळीने जाब विचारू नये. परतल्यावर पहिल्या महिन्यात त्याला व्यासपीठावर उभे करू नये, कारण आपले शहरच त्याला काही काळ परके वाटते: भाव बदललेले असतात, मित्रांची लग्ने झालेली असतात, मुले मराठी अडखळत बोलतात, आणि ज्या गोष्टींनी त्याचे आयुष्य बदलले त्या ऐकायला कोणाला दहा मिनिटांहून अधिक वेळ नसतो. एखाद्या घराने त्याला जेवायला बोलावून पूर्ण संध्याकाळ ऐकून घ्यावे. सहा महिन्यांचा निर्वाहखर्च, राहण्याची जागा आणि मुलांचा शाळाप्रवेश यांची तरतूद पाठवतानाच झालेली असावी.

खाते पुन्हा निवासी करून घ्यावे आणि रक्त, शौच व क्षयाची तपासणी करून घ्यावी. परतल्यानंतर वर्षभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण कोणत्या देशात होतो हे न विचारता सांगावे आणि त्याच दिवशी हिवतापाची रक्ततपासणी करावी, कारण हिवतापाचा एक प्रकार काही तासांत गंभीर होतो आणि दुसरा अनेक महिने यकृतात दडून राहून पुन्हा उलटतो.